देवयानींतील पुसट ठिपका

मुलांनो, कार्तिकी अमावास्येच्या सुमारास रात्रीं आठ-साडेआठ वाजतां गांवाबाहेरच्या काळोखांत उभें राहून वर पाहिलें, तर डोक्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. पूर्वा व उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांच्या ताऱ्यांचा हा चौकोन. त्याच्या ईशान्येकडील कोपऱ्यापासून ताऱ्यांची एक ओळ पुढें जाते. ती देवयानी. त्या ओळीच्या किंचित् उत्तरेस, हवा स्वच्छ असेल तर, एक लांबट, पुसट ठिपका दिसतो. आज मी या एका ठिपक्याचीच हकीकत सांगणार आहें.

प्रथम अंतराचें माप ठरवूं. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लाख किलोमीटर धांवतो. चंद्रापासून तो सव्वा सेकंदांत आपल्याकडे पोंचतो. सूर्यापासून यावयास त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. रात्रींच्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी दिसतो तो व्याध. त्याचा प्रकाश येथें यावयास साडेआठ वर्षें लागतात. म्हणजे आज जो किरण तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हां तुमच्यांपैकीं बहुतेक जण मुळाक्षरेंही गिरवूं लागले नव्हते! प्रकाश एका वर्षांत जेवढें अंतर तोडतो, त्यास प्रकाशवर्ष म्हणतात.

आपला सूर्य हाही एक तारा. असे १०० अब्जांहून अधिक तारे एका चपट्या, फिरत्या चकतींत एकत्र नांदतात. तिची रुंदी सुमारें १ लाख प्रकाशवर्षें आहे. आपण तिच्या आंतच असल्यामुळें ती आपल्याला आकाशांतून गेलेल्या दुधाळ पट्ट्यासारखी दिसते. हीच आपली आकाशगंगा.

आतां ठिपक्याकडे वळूं. इराणांतील ज्योतिषी अल्-सूफी यांनीं इ. स. ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथांत एक लहानसा ढग म्हणून त्याची नोंद केली. पुढें दुर्बिणी आल्या, छायाचित्रें आलीं, तरी हा ढग कसला याचा निर्णय होईना. कोणी म्हणे, हा आपल्याच आकाशगंगेंतील वायूचा मेघ. कोणी म्हणे, ही आकाशगंगेसारखीच दुसरी तारकानगरी. १९२० सालीं वॉशिंग्टन येथें हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या ज्योतिर्विदांनीं विद्वानांच्या सभेपुढें या दोन बाजू मांडल्या. आकाशगंगा हेंच सारें विश्व, कीं अनेकांपैकीं ती एक? वादानें हा प्रश्न सुटला नाहीं. तो सुटला अंतर मोजल्यानें.

पण जेथें दोरी पोंचत नाहीं, तेथें अंतर मोजावयाचें कसें? अंधारांत जवळची समई आणि दूरचा मोठा दिवा सारखेच मंद दिसूं शकतात. दिव्याचें खरें तेज ठाऊक असेल, तरच त्याच्या मंदपणावरून अंतर काढतां येतें; कारण अंतर दुप्पट झालें, कीं पोंचणारा उजेड चौथाई होतो. ताऱ्यांचें खरें तेज ओळखण्याची खूण हेन्रिएटा लेव्हिट या विदुषींना सांपडली. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत त्या आकाशाच्या छायाचित्रांच्या कांचा तपाशीत असत. कांहीं ताऱ्यांचें तेज ठराविक दिवसांनीं कमीजास्त होतें; त्यांतील एका जातीस सेफीड म्हणतात. ज्या सेफीडाचा फेरा अधिक दिवसांचा, त्याचें खरें तेजही अधिक, हा नियम त्यांनीं १९१२ सालीं दाखवून दिला.

१९२३ च्या ऑक्टोबरांत एडविन हबल यांनीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीनें आपल्या ठिपक्याचें छायाचित्र घेतलें. त्यांतील एका ताऱ्यास नवतारा समजून त्यांनीं कांचेवर तशी खूण केली. मागील कांचांशीं ताडून पाहतां तो तारा पूर्वींही तेथें होता, कधीं तेजस्वी, कधीं मंद! हबल यांनीं पहिली खूण खोडली आणि तो बदलता तारा असल्याची नवी खूण उद्गारचिन्हासह लिहिली. त्याचा फेरा सुमारें ३१ दिवसांचा होता. लेव्हिट यांच्या नियमानें हिशेब करितां अंतर निघालें सुमारें ९ लाख प्रकाशवर्षें. सेफीडांच्या दोन जाती आहेत, हें वॉल्टर बाडे यांनीं १९५२ सालीं दाखविल्यावर तो आंकडा वाढला. आज तो सुमारें २५ लाख मानतात. परंतु निकाल पहिल्याच हिशेबानें लागला होता. ठिपका आकाशगंगेच्या पार बाहेर होता! अशा तारकानगरीला आपण दीर्घिका म्हणतों.

आज वेध केवळ प्रकाशाचाच घेतात असें नाहीं. ज्या जातीच्या लहरी माझा आवाज तुमच्या रेडिओपर्यंत आणतात, त्याच जातीच्या लहरी दीर्घिकांतील हायड्रोजन वायूपासूनही निघतात. त्या टिपण्यासाठीं जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें व आसपास प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या आहेत.

मुलांनो, देवयानींतून आज येणारा प्रकाश निघाला, तेव्हां आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर अवतरलाही नव्हता. शहरांतील दिव्यांच्या झगमगाटांत तो प्रवासी आपल्या दारीं येऊनही ओळखूं येत नाहीं. म्हणून वडील मंडळींना घेऊन काळोख्या जागीं जा. वीस मिनिटें डोळे अंधाराला सरावूं द्या. मग ठिपक्याकडे थेट न पाहतां किंचित् बाजूला पाहा; डोळ्याच्या मध्यापेक्षां त्याच्या कडेच्या भागाला मंद प्रकाश अधिक चांगला जाणवतो. जें दिसेल तें तारीख व वेळ घालून वहींत लिहून ठेवा. हबल यांना त्यांचा तारा ओळखतां आला, तो कोणीतरी जुन्या कांचा नीट जपून ठेविल्या होत्या म्हणूनच.