हिरवा ट्रॅक्टर, तासाचा पगार आणि मेक्सिको

पुणे-नगर रस्त्याने गेलात तर सणसवाडीला जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना लागतो. आज त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या कामगारांबद्दल बोलू.

१४ ऑक्टोबर २०२१. आयोवा, इलिनॉय, कॅन्सस वगैरे मिळून साधारण दहा हजार कामगार संपावर गेले. पगार तासाला साधारण २० ते ३० डॉलर. आपण लगेच रुपयांत गुणाकार करतो, म्हणतो, अरे, चांगलं आहे की! पण घरभाडं, दवाखाना तिथल्याच भावाने भरायचं असतं ना. आणि चीड नुसत्या पगाराची नव्हती. १९९७ च्या करारानंतर लागलेल्यांना आधीच जुन्यांपेक्षा कमी पेन्शन होती. आता कंपनी म्हणत होती, यापुढे येणाऱ्या नव्यांना पेन्शनच नाही. म्हणजे एकाच लाइनवर तेच नट आवळणारी तीन माणसं, आणि म्हातारपण तिघांचं वेगळं. त्याच वर्षी नफा किती? जवळपास ६०० कोटी डॉलर!

कामगारांनी दोन करार फेटाळले. पाच आठवड्यांच्या संपानंतर तिसरा मान्य झाला. लगेच १० टक्के वाढ, ८,५०० डॉलर बोनस, महागाईशी जोडलेली वाढ परत, आणि नव्यांची पेन्शन वाचली.

मग २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं, वॉटरलूमधलं ट्रॅक्टर केबिनचं काम मेक्सिकोला नेणार. २०२४ मध्ये डब्यूकच्या छोट्या लोडरचंही तेच. त्याच वर्षी शेकडो लोक घरी बसले. "घ्या, अजून मागा पगार," असं म्हणणारे होतेच.

मला ते अर्धंच पटतं. मेक्सिकोत मजुरी स्वस्त आहे, खरंय. पण कंपनी तिथे १९५० च्या दशकापासून आहे, संपानंतर शोधलेला पत्ता नव्हे तो. आणि कपातीच्या वर्षी मका-सोयाबीनचे भाव पडले होते, व्याज चढलं होतं, शेतकरी नवा ट्रॅक्टर पुढं ढकलत होता. हे आपल्याला कोणी समजावायला नको.

सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले, काम मेक्सिकोला नेलंत तर २०० टक्के आयातशुल्क लावीन. टाळ्या पडतात अशा वाक्याला. पण महाग झालेला ट्रॅक्टर घेणार शेतकरीच.

आणि हो, सणसवाडीतूनही ट्रॅक्टर परदेशी जातात. तिकडे कुणी "स्वस्त मजुरीचे देश" म्हणतं, तेव्हा त्या यादीत आपणही असतो.

तिथला करार नोव्हेंबर २०२७ मध्ये संपतोय. तेव्हा परत बोलूच.