विज्ञान विषयांची निवड : कोणाच्या हाती?



येलहंका हे बंगळूरच्या उत्तरेचे जुने गाव, केंपेगौडाच्या घराण्याचे मूळ ठाणे. आज या गावाभोवती विज्ञानाच्या जेवढ्या संस्था उभ्या आहेत, तेवढ्या फार थोड्या उपनगरांना लाभल्या असतील. रेल्वेचा चाक-कारखाना येथे १९८४ पासून चालू आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उपयोजनीय गणिताचे केंद्र येथेच आहे. जवळच जक्कूरला जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र, आणि वाटेवर कृषी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार. परंतु येथील एखाद्या कंत्राटी कामगाराच्या मुलीला दहावीनंतर भौतिकशास्त्र घ्यावयाचे असेल, तर या शेजाराने तिचा प्रश्न सुटत नाही. तिला परवडणाऱ्या महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे काय, प्रयोगशाळा आहे काय आणि शिक्षक नेमलेला आहे काय, यांवर तो सुटतो किंवा अडतो.

ऐच्छिक विज्ञान विषयांची चर्चा येथून सुरू व्हावयास हवी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा कल्पिला असून, त्यात विषयनिवडीचे अधिक स्वातंत्र्य देण्याची आणि कला व विज्ञान यांमधील ताठर भिंती पाडण्याची भाषा केली आहे. भिंती पाडण्यास कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. संगीत शिकणाऱ्याने रसायनशास्त्र का शिकू नये? मात्र कर्नाटकात केवळ कला व वाणिज्य याच शाखा असलेली सरकारी पदवीपूर्व महाविद्यालये आहेत. तेथे विज्ञान ऐच्छिक नसते, ते वर्ज्य असते. जेथे विज्ञान शाखा आहे, तेथेही भौतिक, रसायन व गणित यांच्या जोडीला जीवशास्त्र घ्यावे की संगणकशास्त्र, एवढीच निवड बहुतेकांच्या हाती उरते. आणि तीही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांकडे डोळे लावून केली जाते. या परीक्षांच्या भोवती शिकवणीवर्गांचा केवढा धंदा माजला आहे, हे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हा अनुभव नवा नाही. शालान्त परीक्षा अकरावीला होती, त्या काळी बीजगणित-भूमिती व भौतिक-रसायन टाळूनही ती उत्तीर्ण होता येत असे. या सवलतीचा ‘लाभ’ कोणाच्या पदरी पडला? ज्यांच्या शाळेत गणिताचा शिक्षक नव्हता त्यांच्या, आणि मुलीच्या जातीला भूमिती कशाला हवी, असे म्हणणाऱ्या घरांतील मुलींच्या. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान व गणित सर्वांना आवश्यक करण्याची शिफारस केली, ती यासाठीच मोलाची होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतून आलेले. खेड्यातील शाळेत ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे त्यांनी जवळून पाहिले असणार. १९७५ मध्ये महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली ती नव्या आकृतिबंधानुसार. अलीकडे मात्र पावले उलटी पडू लागली आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे दोन स्तर केले. सोपा स्तर घेणाऱ्याला अकरावीत नेहमीचे गणित घेता येणार नाही, असा मूळ नियम होता. पुढे त्यात सूट द्यावी लागली. पंधराव्या वर्षी घेतलेला एक निर्णय मुलाच्या साऱ्या आयुष्याला पुरावा, अशीच ही व्यवस्था होती.

‘काही मुलांना विज्ञान झेपत नाही’ हा युक्तिवाद यावर हमखास पुढे येतो. टाटा संस्थेनेच १९७४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्याला कृतीने उत्तर दिले आहे. महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राने आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत पद्धतशीर साहाय्य दिले आणि त्यांचे यश लक्षणीयरीत्या उंचावले. व्ही. जी. कुलकर्णी व सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच मोठा अडसर असतो, ही गोष्टही या केंद्राच्या कामातून पुढे आली. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशा तिहेरी ओढाताणीत बंगळूरला वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनी याची विशेष दखल घ्यावी.

पाया सर्वांचा एक झाला, की त्यावरची निवड खरोखर समृद्ध करता येते. येलहंक्यातच पाहा. चाक-कारखान्यात रेल्वेचे भंगार पोलाद विद्युत् भट्टीत वितळवतात, त्यातील कार्बनाचे प्रमाण साधतात, दाबाखाली ते ग्राफाइटच्या साच्यात भरतात, तयार चाकावर उष्णतेची प्रक्रिया करतात आणि आतील चीर ध्वनिलहरींनी शोधतात. अकरावीच्या मुलांसाठी वर्षभराचा धातुविज्ञानाचा अभ्यासक्रम यातून सहज उभा राहील, आणि तो शिकवताना कारखान्यातील अनुभवी कामगार शिक्षकाच्या बरोबरीने उभा राहू शकेल. कृषी विद्यापीठाच्या आधाराने मृदाविज्ञान, पुट्टेनहळ्ळीच्या तलावावर पाण्याचा व पक्ष्यांचा अभ्यास, हेही अशक्य नाही. प्रवेशपरीक्षेत त्याला गुण नाहीत, म्हणून ते वेळापत्रकात येत नाही, इतकेच.

कर्नाटक सरकारने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल सादर केला. त्यात दोन वर्षे पूर्वप्राथमिक, आठ वर्षे प्राथमिक व चार वर्षे माध्यमिक अशी रचना सुचविली आहे. नववी ते बारावी एका छताखाली आली, तर आज विज्ञानापासून वंचित असलेल्या शाळांत प्रयोगशाळा व शिक्षक आणण्याची ती संधी ठरेल. आणि याच रचनेचा आधार घेऊन विज्ञान नववीपासूनच ऐच्छिक करण्याची टूमही निघू शकेल. शिक्षक व पालक संघटनांनी आतापासूनच दोन गोष्टी धरून बसले पाहिजे : दहावीपर्यंत विज्ञान व गणित सर्वांना एकच, आणि विज्ञान शाखा नसलेल्या प्रत्येक सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयाची तालुकावार यादी, रिक्त शिक्षकपदांसह, जाहीर.