कोरी जागा आणि शून्य

संगणकाच्या एका भाषेतील नोंद दुसऱ्या भाषेत नेणे, हा विषय आम्ही निवडला तेव्हा काही मित्र हसले. कामगार संघटनेच्या माणसाला या उठाठेवी कशाला? पण ती नोंद कामगाराची असते.

१९५९ साली आखायला घेतलेल्या कोबोल भाषेत नोंद म्हणजे ठराविक रुंदीची घरे. नावाला समजा वीस अक्षरे, कामावर लागल्याच्या तारखेला सहा आकडे, काम सोडल्याच्या तारखेला सहा. बाई अजून कामावर असेल तर शेवटच्या घरात सहा शून्ये भरून ठेवायची. त्याचा अर्थ कारकुनाला ठाऊक, घराला नव्हे.

आता ही नोंद जावा भाषेत न्यायची. जावाची मूळची तारीख १ जानेवारी १९७० पासून मोजली जाते. तेथे शून्य म्हणजे नेमका तोच दिवस. शून्याला शून्य लिहिले की आपल्या रत्नागिरीच्या काजू कारखान्यात १९९८ साली लागलेली बाई १९७० सालीच काम सोडून जाते! आकडे सगळे बरोबर, नोकरी मात्र उणे अठ्ठावीस वर्षे. आणि १९९५ च्या योजनेत मासिक निवृत्तिवेतनाला दहा वर्षे नोकरी लागते.

जावापाशी ‘काहीच नाही’ या अर्थाचा ‘नल’ शब्द आहे. तोही पुरत नाही. ‘कामावर आहे’ आणि ‘तारीख सापडत नाही’ ही दोन्ही माणसे एकाच नलात कोंबली की घोळ कायम. स्थितीला वेगळे घर हवे: कामावर, सोडले, माहीत नाही.

आमची मागणी एवढीच, की आज्ञावली लिहिणाऱ्याच्या शेजारी जुन्या कारकुनाला बसवा, आणि नवी नोंद त्या बाईला वाचून दाखवीपर्यंत जुने रजिस्टर रद्दीत घालू नका.