नवें प्रक्षेपण, जुनी ठकबाजी

माप बदललें किंवा नाणें बदललें कीं अज्ञानाचा बाजार भरतो. १९५७ च्या १ एप्रिलला भारतांत रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे हा हिशेब ज्याला तोंडपाठ नव्हता, त्याला सुटे पैसे घेतांना दुकानदाराच्या प्रामाणिकपणावरच विसंबावें लागे. जो बदल सर्वांना सक्तीचा, ज्याची मुदत ठरलेली आणि ज्याचें मर्म थोड्यांनाच कळलेलें, तो बदल लबाडाला पर्वणीसारखा वाटतो. टेलिव्हिजनच्या प्रक्षेपणांत एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जो पालट झाला, त्याची कथा अशीच आहे. तिचा सर्वांत बोधप्रद अध्याय ब्रिटनमध्यें घडला.

जुन्या पद्धतींत चित्राच्या उजेडअंधाराप्रमाणें लहरींतच चढउतार केले जात. नव्या, म्हणजे डिजिटल, पद्धतींत तेंच चित्र अंकांच्या रूपानें पाठविलें जातें. जुन्या एका वाहिनीला जेवढी जागा लागे, तेवढींत आतां अनेक वाहिन्या बसतात, व उरलेल्या लहरी मोबाइल दूरध्वनीच्या उपयोगीं पडतात. सरकारला हा पालट हवा होता याचें एक कारण येथेंच आहे. ब्रिटनमधील जुनें प्रक्षेपण एकाएकीं थांबविलें गेलें नाहीं. १७ ऑक्टोबर २००७ रोजीं कंब्रियांतील व्हाइटहेवन गांवीं पहिली जुनी वाहिनी बंद झाली, आणि मग एकेका प्रदेशाचा क्रम लागत २४ ऑक्टोबर २०१२ रोजीं उत्तर आयर्लंडमध्यें हें काम संपलें.

सामान्य गृहस्थाला या पालटासाठीं करावयाचें होतें तें थोडेंच. जुना संच टाकून देण्याचें कारण नव्हतें. त्याला एक लहानशी पेटी जोडली कीं भागत असे. छपरावरची एरियलहि बहुतेक घरीं तीच चालत असे. परंतु याच ठिकाणीं ठकाला फट सापडली. ‘आपल्याला डिजिटल एरियल घ्यावी लागेल,’ असें सांगत कांहीं फिरते कारागीर घरोघर जाऊं लागले. वस्तुतः डिजिटल एरियल नांवाची निराळी वस्तु नाहींच. रस्त्यावरून बैलगाडी जावो कीं मोटार, रस्ता तोच असतो. त्याचप्रमाणें एरियल लहरी पकडते, त्यांतील अंक उलगडण्याचें काम पेटी करते. मोडक्या, गंजलेल्या किंवा दुर्बळ एरियली थोड्या घरीं बदलाव्या लागल्या, हेंहि खरें. याच थोड्याशा सत्याच्या आधारावर मोठें असत्य उभें राहिलें. निखळ खोटें लवकर उघडें पडतें. सत्याची पुटें चढविलेलें खोटें मात्र शहाण्यालाहि फसवितें.

दुसरा प्रकार याहून हीन होता. पंचाहत्तर वर्षें वा त्यावरील वृद्ध, अपंग व दृष्टिहीन यांच्यासाठीं सरकारनें एक साहाय्य-योजना काढली होती. तिच्या सोयी घेणाऱ्याला सामान्यतः चाळीस पौंड भरावे लागत, आणि उत्पन्न तुटपुंजें असणाऱ्या कित्येकांना कांहींच पडत नसे. पेटी, ती बसविणें व पुढें वर्षभर मदत, हें सर्व त्यांत येई. योजनेकडून पात्र माणसाला प्रथम पत्र येत असे. ठकांनीं नेमकें तिचेंच सोंग घेतलें. सरकारचा किंवा प्रक्षेपण-संस्थेचा माणूस म्हणून दारीं यावें, दूरध्वनि करावा, रोख रक्कम किंवा बँकेचा क्रमांक मागावा, अशी ही रीत. जी योजना दुबळ्यांच्या रक्षणासाठीं काढली, तिचेंच नांव त्यांना लुबाडण्यास उपयोगी पडलें.

येथें गेलेली रक्कम एवढीच हानि नव्हे. एकट्यानें राहणाऱ्या वृद्धाला टेलिव्हिजन म्हणजे बाहेरच्या जगाची खिडकी. ती मिटेल या भीतीनें तो घाईनें पैसे देतो, आणि फसल्याचें कळल्यावर लाजेनें गप्प बसतो. मुलांना सांगावें तर तीं म्हणतील, म्हाताऱ्याला आतां व्यवहार कळत नाहीं. हें मौन ठकाला कायद्याच्या पळवाटेपेक्षां अधिक उपयोगी पडतें.

अमेरिकेंत हा पालट १२ जून २००९ रोजीं झाला. तेथील सरकारनें पेटीसाठीं चाळीस डॉलरचीं कुपनें, प्रत्येक कुटुंबास अधिकांत अधिक दोन, देऊं केलीं होतीं. त्याच सुमारास पेटी ‘मोफत’ असल्याच्या जाहिराती आल्या; पण पेटीचे नव्हेत तर हमीचे व टपालखर्चाचे म्हणून पैसे उकळले जात. फेडरल ट्रेड कमिशननें २००९ सालीं या प्रकाराविरुद्ध कारवाई केली. केवळ जुन्या पद्धतीचे संच विकणाऱ्या दुकानांनीं तशी स्पष्ट सूचना संचाजवळ लावावी, असा नियम मे २००७ पासून होता. तरी तो न पाळणारे मोठमोठे व्यापारीहि निघालेच. ठक नेहमीं फाटक्या वेषांतच येतो असें नाहीं.

आपल्याकडे केबलवरील हा बदल मुंबईंत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीनें आला. पुणें, नागपूर इत्यादि शहरांची मुदत ३१ मार्च २०१३ होती. येथेंहि नियमानें ग्राहकाला अर्जाची प्रत व भरलेल्या पैशाची पावती मिळावयास हवी. परंतु ओळखीच्या माणसाजवळ पावती मागणें अनेकांना संकोचाचें वाटतें, आणि पुढें पेटी विकत घेतली होती कीं भाड्यानें, असा वाद निघाला तर हातीं पुरावा राहत नाहीं. पावती मागणें हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला तिचें कधींच ओझें होत नाहीं.

यंत्रें बदलत राहतील, मुदतीहि येत राहतील. दारीं आलेल्यानें घाई केली, तर आपण ती करूं नये. त्याचें नांव व ओळखपत्र पाहावें, आणि त्यानें दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर स्वतः शोधलेल्या क्रमांकावर खात्री करून घ्यावी. दोन ठिकाणचे दर विचारावेत. आणि घरांतील वडीलधारें माणूस फसलेंच, तर त्याला हंसूं नये. त्यानें मन मोकळें केलें, तर शेजारचें घर तरी वांचतें.