राखीव शिपायाची हजेरी

पलटणींतील नोकरी संपवून घरची शेती पाहणारा, परंतु युद्ध पेटतांच पुन्हा बोलावला जाणारा, तो राखीव शिपाई. १९१४ सालीं असे कित्येक जण नांगर सोडून निघाले. मेसापोटेमियांत कुत येथें १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यांत सांपडल्या. अन्न सरलें आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागती पत्करावी लागली. पुष्कळ जण परतले नाहींत. बसऱ्याच्या १९२९ च्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या!

बोलावतांना त्याला नांवानेंच बोलाविलें होतें ना? आपल्या गांवच्या शिळेवरही नुसता आंकडा असेल, तर घरोघरच्या वृद्धांना विचारून तीं नांवें वहींत उतरून घ्या. जन्मभर हजेरी घेतलेल्या मास्तराची एवढीच विनंती.