पाचव्या दिवशी विहाराचे कुलूप कोण उघडणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी कार्यकर्त्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या वर्षावासात आपल्या विहारातर्फे पंधरा-वीस जणांनी चार दिवस खेड्यात धम्मप्रचारासाठी जायचे, असे बैठकीत ठरले आहे. ठरल्याबरोबर दोन प्रश्न पुढे आले. पहिला, बॅनरवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे. त्यावर अर्धा तास गेला. दुसरा प्रश्न मागे बसलेल्या एका आजींनी विचारला, "चार दिसांनी काय हुतंय रं बाबा?" त्यावर मात्र कोणी बोलले नाही. आम्ही कार्यकर्त्यांनी तो प्रश्न धरून थोडे वाचन केले, आपसात चर्चा केली. ते आज आपल्यापुढे मांडतो.

असा चार दिवसांचा, आठ दिवसांचा प्रचार आज जगात सर्वांत जास्त कोण करीत असेल, तर चर्चची मंडळी. अमेरिका, कोरिया, सिंगापूर इथल्या चर्चमधून तरुणांचे गट सुट्टीत निघतात आणि थायलंड, कंबोडिया, फिलिपाइन्समधल्या खेड्यांत आठ-पंधरा दिवस राहून येतात. शाळेची भिंत रंगवतात, मुलांना गाणी आणि खेळ शिकवतात, औषधे वाटतात, प्रार्थना घेतात. मुले मनाने चांगली असतात, त्याविषयी वाद नाही. स्वतःच्या खिशातले पैसे घालून जातात. आपल्यातले किती जण जातील, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे!

पण या सहलींवर टीका झाली, आणि ती चर्चच्याच माणसांनी केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९८ साली मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाला 'मिच' नावाच्या वादळाने झोडपले. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला धावले. कर्ट व्हर बीक हे ख्रिस्ती कॉलेजातलेच समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी नंतर हिशेब मांडला. पाहुण्यांनी येऊन बांधलेले एक घर, विमानाचे भाडे वगैरे धरून, सुमारे ३०,००० डॉलरला पडले. तसेच घर तिथली स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे! ज्यांना घर मिळाले त्यांच्या आयुष्यात, पाहुण्यांनी बांधले की गावच्या गवंड्याने बांधले, याने काही फरक पडलेला त्यांना दिसला नाही.

आता याच चर्चवाल्यांचा जुना इतिहास बघा. तो थेट आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली आणि ते दोन जहाजांतून हिंदुस्थानकडे निघाले. कलकत्त्याला पोचले तर कंपनी सरकार म्हणते, चालते व्हा. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. अडोनिराम जडसन हा त्याच वर्षी जुलैत रंगूनला गेला. एकाच तुकडीतली माणसे, एक मुंबईला, एक ब्रह्मदेशाला.

जडसन गेला तो देश बुद्धाचा. तिथे त्याला पहिला माणूस मिळायला सहा वर्षे लागली, १८१९ उजाडले. तो ब्रह्मी भाषा शिकला, त्याने बायबलचे भाषांतर केले, शब्दकोश केला, तुरुंगात पडला, बायको गमावली, तरी १८५० पर्यंत त्याने ते काम सोडले नाही. इतके करूनही बौद्ध ब्रह्मी लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झालेच नाहीत. झाले ते डोंगरातले करेन लोक. आणि त्यांच्यात तो धर्म नेला कोणी? को था ब्यू नावाच्या एका करेन माणसाने. १८२८ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो आपल्याच भाईबंदांच्या पाड्यापाड्यांतून फिरला. गोऱ्या माणसाला जे जमले नाही ते घरच्या माणसाने केले.

इकडे गॉर्डन हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, आणि १८२६ साली नाशिककडे प्रचाराच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारला. सिंथिया फरार ही बाई १८२७ साली आली. पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवीत तिने जन्म काढला आणि १८६२ साली तिथेच देह ठेवला. सावित्रीमाई फुले शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला याच मिस फरारकडे गेल्या होत्या. राहिलेल्या माणसाच्या हातून काय घडते ते बघा. ती बाई पंधरा दिवसांसाठी येऊन, मुलींबरोबर खेळून परत गेली असती, तर सावित्रीमाईंना ती शाळा कुठे सापडली असती?

याचा अर्थ आम्ही मिशनची आरती ओवाळतो आहोत असा कोणी काढू नये. बाबासाहेबांनी मिशनच्या कामाची चिकित्सा फार कठोरपणे केलेली आहे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांच्या सभेतच त्यांनी सुनावले होते की, तुमच्यात शिकलेली मुले-मुली शेकड्यांनी आहेत, पण अन्यायाविरुद्ध चळवळ तुम्ही केली नाही. न शिकलेल्या अस्पृश्यांनी केली. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात तशीच राहिली, हेही त्यांनी दाखवून दिले. मिशनऱ्यांनी आधी वर्षानुवर्षे ब्राह्मणांशी वादविवाद करण्यात घालवली, ही दिशाच चुकली, असे त्यांचे मत होते. आणि धर्म बदलला तरी माणूस त्याच गावात, त्याच गावकुसाबाहेर राहतो, गाव त्याला पूर्वीच्याच नजरेने बघतो, ही गोष्ट त्यांनी सोडली नाही. आपण जिथे जाणार आहोत तिथेही हीच गोष्ट आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता आपल्या परंपरेत काय आहे? पहिल्या वर्षावासानंतर भगवान बुद्धांनी साठ भिक्खूंना सांगितले की लोकांच्या हितासाठी फिरा, आणि एका वाटेने दोघे जाऊ नका. म्हणजे आपला धम्मच चालत्या माणसांचा. पण त्याच धम्मात पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. कारण काय, तर पावसात फिरताना कोवळे गवत, उगवलेले अंकुर पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. प्रचाराला निघालेल्या माणसाच्या पायाखाली कोणाचे पीक येते आहे, हे बघण्याची शिकवण अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. आपल्या बोरिवलीची कान्हेरी लेणी बघा. नुसत्या बघायला नका जाऊ. तिथली पाण्याची टाकी बघा, झोपायचे दगडी ओटे बघा. ही राहण्याची जागा होती. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी आणि उपासकांनी दिलेल्या दानाचे लेख तिथे आजही भिंतीवर आहेत.

आणि सोपारा म्हटले की पुण्ण थेर आठवलाच पाहिजे. विरार लोकलने जाताना नालासोपारा लागते, तेच सोपारा. परंपरा सांगते की पुण्ण हा इथला व्यापारी. श्रावस्तीला जाऊन भिक्खू झाला आणि आपल्या मुलखात, सुनापरांतात, परत जाण्याची परवानगी मागू लागला. बुद्धांनी विचारले, तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर? मारले तर? जिवानिशी मारले तर? पुण्णाने प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिले की, तरीही मी त्यांना भलेच म्हणेन. त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका झाल्याचे सुत्तात सांगितले आहे. पुण्णाचा अंतही तिथेच झाला. गंमत अशी की ब्रह्मदेशातले लोक म्हणतात, सुनापरांत आमचे! त्यांचाही त्याच्यावर तितकाच जीव. असो. सोपाऱ्याचा स्तूप, ज्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत, तो १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथेच मिळाले. आपल्यातल्या किती जणांनी तो स्तूप पाहिला आहे? तिकीट कितीसे लागते?

आता कोणी म्हणेल, म्हणजे थोड्या दिवसांच्या प्रचारात अर्थच नाही का? तसे आम्ही म्हणत नाही. ६ डिसेंबर १९५६ चा दिवस आठवा. इंग्रज भिक्खू संघरक्षित त्या दिवशी नागपुरात होते आणि बाबासाहेबांच्या परिनिर्वाणाची बातमी आली. दीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. लोक पोरके झाले. त्या भिक्खूंनी पुढच्या चार-पाच दिवसांत नागपूरच्या वस्त्या-वस्त्यांतून चाळीसच्या आसपास भाषणे केली. ते दिवसही चारच! पण लोकांनी आधीच आपले आपण ठरवलेले होते, त्यांनी हाक मारली होती, आणि भिक्खूंनी फक्त त्या घडीला धीर दिला. शिवाय पुढची काही वर्षे ते महाराष्ट्रात पुन्हापुन्हा येत राहिले. सत्यनारायण गोयंका यांचेही तसेच. मंडालेत जन्मलेला हा माणूस १९६९ साली मुंबईत आला. जुलैत पहिले दहा दिवसांचे शिबिर झाले, त्यात मोजकीच माणसे, आणि त्यात त्यांचे आईवडील. विपश्यनेविषयी आपल्यात दोन मते आहेत, तो विषय आज बाजूला ठेवू. पण दहा दिवसांसाठी घेतलेल्या त्या शिबिरानंतर माणूस इथलाच झाला, म्हणून गोराईला तो पॅगोडा उभा आहे.

थायलंड आणि ब्रह्मदेशात तरुण मुलगा काही दिवसांपुरता चीवर घालतो आणि पुन्हा संसारात येतो. आपल्याकडे भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे त्याच धर्तीवर होतात. ते थोडे दिवस दुसऱ्याला शिकवण्याचे नाहीत, स्वतः शिकण्याचे आहेत. चार दिवसांत दुसऱ्याला शिकवून मोकळे व्हायचे म्हणणे आणि चार दिवस स्वतः शिकायचे म्हणणे, यात फार अंतर आहे.

आता आपल्या गावांकडे येऊ. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपण जे राहतो ते कोकणातून, देशावरून आलो. गावाकडचे लोक आपल्याला परके नाहीत. चुलते, मावश्या, भावजया आहेत. गावात विहार आहे. मुंबईकरांच्या वर्गणीतून बांधलेले, बुद्धमूर्ती बसवलेली, देणगीदारांच्या नावांची फरशी भिंतीवर. पण बऱ्याच गावांत ते विहार उघडते कधी? चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, आणि मुंबईकर आले की. एरवी कुलूप. एखाद्या गावची तर चावीसुद्धा मुंबईत असते!

अशा गावात आपण चार दिवस जाणार. त्यातला एक दिवस सत्काराला जाणार, हे आपण सगळे जाणतो. हार, नारळ, प्रास्ताविक, आभार. उरलेल्या तीन दिवसांत कोणी तावातावाने भाषण ठोकणार, देवदेवतांचा उद्धार करणार, आणि गाडीत बसून निघणार. पण त्या भाषणानंतर पाचव्या दिवशी पाणी भरायला कोणाला जायचे आहे? मजुरीला कोणाच्या शेतावर जायचे आहे? स्मशानाच्या वाटेवरून वाद झाला तर उभे कोणाला राहायचे आहे? त्या मावशीला, त्या भावजयीला. बावीस प्रतिज्ञा सांगायच्याच आहेत, त्यात तडजोड नाही. पण सांगताना ऐकणाऱ्याच्या पाठीशी आपण पुढे वर्षभर आहोत की नाही, हे ठरवून मग सांगायच्या.

म्हणून कार्यकारिणीला आमच्या सूचना अशा आहेत. लावणीच्या दिवसांत जायचे नाही. माणसे चिखलात उभी असतात आणि आपण त्यांना सतरंजीवर बसायला बोलावतो, हे शोभत नाही. लावणी आटोपल्यावर, कापणी लागायच्या आधी जावे. आधी दोघांनी जाऊन गावाला विचारून यावे की तुम्हांला काय हवे आहे. कदाचित ते प्रवचन मागणार नाहीत, जातीच्या दाखल्याचे किंवा शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला माणूस मागतील. तर तेही धम्माचेच काम आहे. भिक्खू हा नुसता परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत उगाच विचारलेला नाही. शिधा आपला आपण न्यावा. बॅनर एकच, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरा फोटो नाही. वह्या वाटायच्या तर त्यांवर मंडळाचे नाव छापू नये. पोरगी रोज ती वही उघडणार, तिला रोज आपले उपकार कशाला वाचायला लावायचे?

आणि मुख्य म्हणजे, ग्रंथवाचन आपण करायचे नाही. गावातली दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी, एखादी सून वाचेल, आपण खाली बसून ऐकू. अडली तर सांगू. चार दिवसांत दोन-तीन प्रकरणे होतील, पुढची ती वाचील. दर पौर्णिमेला इथून कोणीतरी फोन करायचा आणि कुठवर आले ते विचारायचे. पुढच्या वर्षावासात गाव बदलायचे नाही, त्याच गावात जायचे. किमान तीन वर्षे.

सध्या यादीत चार गावे आहेत. आम्ही चारही गावांना एकच प्रश्न विचारून ठेवला आहे, विहाराची चावी गावात कोणाकडे राहणार? दोन गावांनी नावे कळवली आहेत, दोन्ही नावे बायांची आहेत. उरलेल्या दोन गावांचे उत्तर येईपर्यंत त्यांची तारीख धरू नये. ज्यांना यायचे आहे त्यांनी येत्या रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाकडे नाव द्यावे. भाड्याचे पैसे ज्याचे त्याने भरायचे आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!