गिटार, चकी आणि अधू हात

पक्षाघातातून सावरणाऱ्याला व्यवसायोपचार तज्ज्ञ आधी विचारतात, ‘तुम्हाला काय करायला आवडायचं?’ उत्तर गिटार असेल, तर तीच उपचाराचं साधन. डावी बोटं तारा दाबतात, उजवा हात छेडतो. जोर कमी पडला, तर गिटार मांडीवर आडवी घेतात, तारा न दाबताही सूर जमेल अशा लावतात. भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू केलं.

कोकणातल्या खारेपाटणात गिटार नसेना का, भजनातली पेटी, चकी ही वाद्यं आहेतच! व्यायाम म्हणून नुसता रबरी चेंडू दाबायचा कंटाळा येतो. भजनाच्या बारीला बसायची ओढ मात्र हात हलवायला लावते.

मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील, तर गिटारला नायलॉनच्या तारा घ्याव्यात. बधिर बोटाला पोलादी तारेनं कापल्याचं कळत नाही.